उशिराचं कारण

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की हमखास विचारतं, "पोरगं सध्या कुठल्या बॉर्डरवर?" मी सांगते, "ऑफिसात." समोरच्याचा चेहरा जरा पडतो. मग मीच पुढे म्हणते, "क्लार्क आहे. हवालदार क्लार्क." तोवर समोरचा माणूस शेजारच्या बैलाची किंमत विचारायला वळलेला असतो.

हर्षल माझा थोरला मुलगा. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना नगरच्या भरतीत उतरला. धावण्यात पास झाला, लेखीला गुण चांगले पडले, म्हणून त्याला क्लार्क केलं. त्या दिवशी मला झालेला आनंद मी कुणाला दाखवला नाही. त्याचे वडील मात्र दोन दिवस गप्प होते, कारण त्यांनी चावडीवर आधीच "पोरगं लढायला चाललं" म्हणून सांगून ठेवलं होतं. त्याला आता अठरा वर्षं होत आली. बदल्या झाल्या, बर्फात दोन हिवाळे गेले, आणि बर्फ क्लार्कलाही तेवढाच लागतो हे मला कळलं. त्याचा फोन लागला नाही की मी अजूनही अंथरुणावर उठून बसते. हे लिहितेय तेही घर झोपल्यावर. दिवसा सूनबाई राजनंदिनी म्हणते, "आई, त्यांच्याबद्दल काय लिहायचंय एवढं?"

तिचं बरोबर आहे. हर्षलनं काही गाजवलेलं नाही. पण गेल्या वर्षी त्याच्या टेबलावरून एक कागद उशिरा गेला, आणि त्या उशिरापायी त्याचं आणि दुसऱ्या एका माणसाचं बरंच काही पणाला लागलं. ते लिहून ठेवावंसं वाटतं.

त्याचं युनिट रस्ते आणि पूल बांधणारं. कुठे आहे ते लिहीत नाही. तिथे त्याच्याकडे रजा, पेन्शनचे कागद आणि गेली काही वर्षं आणखी एक काम आहे, ते म्हणजे शिफारशींचं. एखाद्या जवानानं काही विशेष काम केलं की त्याच्या कंपनीचे मेजर साहेब त्याची शिफारस लिहितात, पाहणारे दोघं आपलं म्हणणं लिहून देतात, सीओ साहेब म्हणजे युनिटचे प्रमुख सही करतात आणि कागद ब्रिगेडकडे जातो. तिथून वर, आणखी वर. पास झालं की वर्षात दोनदा निघणाऱ्या यादीत नाव येतं आणि जवानाला एक प्रशंसापत्र मिळतं. त्याला ते लोक नुसतं "कार्ड" म्हणतात. सोबत एक बिल्ला असतो, वर्दीच्या खिशावर लावायचा.

ऐकायला सोपं आहे. पण एका युनिटमधून नावं जायची मोजकी, आणि मेजर साहेबांना लिहायला वेळ नसतो. त्यात जो निवृत्त व्हायला आलाय त्याचा कागद सगळ्यात मागे पडतो. "जाणाऱ्याला कार्ड काय करायचंय? राहणाऱ्याला प्रमोशनला उपयोगी पडेल," असा सरळ हिशेब. जाणाऱ्याला बडा खाना, म्हणजे मोठं जेवण, गळ्यात हार, घड्याळ किंवा मूर्ती, आणि गाडी स्टेशनपर्यंत.

हर्षलला हे पटत नसे. तो म्हणायचा, "राहणाऱ्याला पुढच्या वर्षी पण मिळेल. जाणाऱ्याचं पुढचं वर्ष नाही." म्हणून त्यानं आपल्यापुरती एक रीत पाडली. कोण कधी जाणार ते वर्षभर आधी बघून ठेवायचं आणि त्यांच्या कंपन्यांमध्ये जाऊन तगादा लावायचा. साहेब लोक त्याला बघून वाट बदलायचे. हेडक्लार्क साहेब हसून म्हणायचे, "आ गया वसूलीवाला." पण त्यामुळे काही जाणारी माणसं कार्ड घेऊन घरी गेली. त्यातल्या एकानं तर आम्हाला काजूची पेटी पाठवली होती. हर्षलनं फोनवरून ती परत करायला लावली. आम्ही तोवर अर्धी संपवली होती.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे लग्नकार्यात घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात. सगळीकडेच बसतात म्हणा, पण आमच्याकडे ते जरा जास्तच आहे. माझ्या मालकांनी, भागवतरावांनी, बरीच वर्षं बाजाराच्या फाटकावर जनावरांच्या पावत्या फाडल्या. तिथे त्यांचा सख्खा भाऊ म्हैस घेऊन आला तरी त्याला रांगेत मागे उभं करायचे. "लोक बघत्यात," एवढंच म्हणायचे. पोरीच्या लग्नात हर्षल सोळा-सतरा वर्षांचा होता. वाढप्यांच्या हाताखाली दिवसभर राबला. शेवटी घरचे बसलो तेव्हा जिलबी संपली होती, भाताची खरवड उरली होती. मामा चिडले, तर हर्षल म्हणाला, "मामा, पाहुण्यांना कमी नाही पडलं ना? मग झालं." मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

आता भिमाजी. हवालदार भिमाजी धिंदळे, अकोले तालुक्यातले, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. युनिटमध्ये जेसीबी चालवायचे. हर्षलपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे. दोघंच नगर जिल्ह्याचे, म्हणून जवळ आले. सुट्टीवर येताना भिमाजी मुद्दाम काष्टीला उतरायचे, आमच्याकडे चहा घ्यायचे आणि पुढच्या खेपेला गावाकडच्या काळभात तांदळाचं गाठोडं आणायचे. मला काकू म्हणायचे. बोलणं थोडं. एकदा भागवतरावांनी विचारलं, "फौजेत जेसीबी चालवता म्हणजे नेमकं काय करता?"

"रस्ता खोलायचा," ते म्हणाले.

"मग ते तर इकडंबी करत्यात की."

भिमाजी हसले. "मपल्या गावातली समदी हेच म्हनत्यात, काका. घाटात दरड पडली का ठेकेदाराचं पोरगं जेसीबी लावतंय, तुमी निराळं काय करता? आता काय सांगायचं त्यांला?"

हे ते हसून म्हणाले, पण त्यांना लागलेलं होतं. चोवीस वर्षं नोकरी, आणि गावाच्या लेखी हा माणूस सरकारी जेसीबीवाला.

मग गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये तिकडे डोंगर घसरला. वरच्या चौकीवर एक जवान आजारी होता, त्याला खाली दवाखान्यात न्यायचं होतं, आणि रस्ता बंद. दगड अजून येत होते. भिमाजींनी यंत्र आत घातलं. एक दगड केबिनवर आला, काच फुटली, कपाळ फुटलं. त्यांनी डोक्याला मफलर बांधला आणि रस्ता खोलूनच खाली उतरले. रुग्णाची गाडी निघून गेली. तो जवान वाचला. त्यांच्या कंपनीचे मेजर साहेब तिथे उभे होते, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. जूनमध्ये त्यांची बदली झाली, पण जायच्या आधी त्यांनी शिफारस लिहिली, सही केली आणि हर्षलच्या हातात दिली. भिमाजी नोव्हेंबरअखेर निवृत्त होणार होते.

म्हणजे कागद तयार होता. पाहणाऱ्या दोघांची निवेदनं आणि सीओ साहेबांची सही, एवढंच राहिलं होतं.

आणि इथे हर्षल चुकला. त्या वेळी त्याच्याकडे जाणाऱ्यांच्या पाच शिफारशी होत्या. चौघं वेगवेगळ्या राज्यांतले, पाचवे भिमाजी. युनिटमध्ये कुजबूज चालते, अमक्यानं आपल्या गाववाल्याचं आधी केलं म्हणून. हर्षलला त्या कुजबुजीची भारी धास्ती. त्यानं बाकीच्या चौघांचे कागद आधी पुरे केले, त्यांच्या निवेदनांसाठी स्वतः पळापळ केली, सीओ साहेबांपुढे आधी तेच ठेवले. भिमाजींचा कागद खाली. घरचा माणूस शेवटच्या पंगतीला.

सीओ साहेबांनी चार वाचले, सह्या केल्या, आणि म्हणाले बाकीचं परवा बघू. दुसऱ्या दिवशी त्यांना एकाएकी वरून बोलावणं आलं आणि तिथूनच ते कुठल्या कोर्सला गेले. ते परत येईपर्यंत ब्रिगेडची मुदत उलटून गेली. चौघांची नावं गेली. ज्यानं दगडांत यंत्र घातलं त्याचं टेबलावर राहिलं.

मला हे काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की पोरगं फोनवर "जेवलीस का" हे दोनदा विचारतंय. आईला एवढं पुरतं. त्याची तब्येत बरी नाही की काय, पोस्टिंग लागली की काय, सूनबाईशी काही बिनसलं की काय, सगळे विचार करून झाले. मग एके दुपारी भिमाजींच्या बायकोचा, चांगुणाचा फोन आला.

"काकू, डिसेंबरात यायचं बरं का. ह्यांची मिरवणूक हाय. गाव जीप सजवनार हाय, डीजे हाय. आन् कार्डबी भेटलंय. हर्षलनंच केलंय की समदं."

मी म्हटलं, "हो का? छान झालं."

संध्याकाळी हर्षलला विचारलं, "भिमाजींचं कार्ड आलं म्हणे?"

त्यानं उलट विचारलं, "कोण म्हणालं?"

"चांगुणा."

"आई, नाव अजून गेलेलं पण नाही." आणि मग त्यानं सगळं सांगितलं.

मुदत गेल्यावर नाव पाठवता येतं, पण सोबत उशिराचं कारण लिहावं लागतं. सगळे लिहितात तसं "प्रशासकीय कारणास्तव" लिहून पूर्वी दुसऱ्या कुणाचा एक कागद गेला होता. ब्रिगेडनं तो परत पाठवला होता. नेमकं काय झालं आणि कुणामुळे, ते लिहा, असा शेरा मारून. आता वेळही थोडा होता. भिमाजी युनिटमधून बाहेर पडले की पुढे कुणी हा कागद हातात धरणार नव्हतं.

हेडक्लार्क साहेबांनी तोड काढली. "लिख दो, मेजर साहब की पोस्टिंग हो गई, इसलिए देर हुई. बात खतम." ते वाईट बुद्धीनं म्हणत नव्हते. हर्षलवर त्यांचा जीव आहे, आणि डिसेंबरात हर्षलचं नायब सुभेदारीचं बोर्ड होतं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते प्रमोशन. नायब सुभेदार झाला की आणखी काही वर्षं नोकरी, नाहीतर ठरलेल्या वेळी घरी. स्वतःच्या नावावर ढिलाई लिहून कुणी बोर्डापुढे जातं का?

मी आई आहे. मी म्हटलं, "साहेब म्हणतायत तसं लिही."

"मेजर साहेबांनी जायच्या आधीच सही करून दिलीय, आई. तारीख आहे खाली."

"तारीख कोण बघतंय?"

"ब्रिगेड. त्यांचं कामच ते. आणि मेजर साहेबांना विचारलं तर ते काय म्हणतील? मी दिला होता. मग भिमाजीदादाचा कागद आमच्या दोघांच्या मधे लटकेल. दादा जातील निघून."

"मग सीओ साहेब कोर्सला गेले असं लिही. ते तर खरंच आहे."

"ते चौघांच्या सह्या करून गेले. पाचवी का नाही झाली?"

मी चिडून म्हणाले, "मग काय लिहिणार आहेस? मी शहाणा, मी माझ्या गाववाल्याला मागे ठेवला?"

"तसंच काहीतरी," तो म्हणाला. "इंग्रजीत बरं दिसेल जरा."

त्यानं हसायचा प्रयत्न केला. मी फोन ठेवून दिला. भागवतरावांना सांगितलं, तर ते खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "लिहू दे." मी म्हटलं, "तुमच्यामुळंच झालंय हे सगळं, तुमच्या त्या फाटकामुळं." त्यावर ते कूस बदलून झोपले. घोरत मात्र नव्हते.

हर्षलनं लिहिलं. शिफारस अमुक तारखेला मिळाली, ती पुढे ठेवण्यास खाली सही करणाऱ्या क्लार्ककडून विलंब झाला, शिफारस झालेल्या जवानाचा त्यात दोष नाही. सीओ साहेबांनी परत आल्यावर ते वाचलं आणि त्याला आत बोलावलं.

"तेरा बोर्ड है ना?"

"जी साहब."

"फिर?"

"साहब, इनकी रिटायरमेंट है."

साहेबांनी कागद पुन्हा एकदा वाचला आणि सही केली. कागद गेला. त्याच आठवड्यात हर्षलला लेखी ताकीद मिळाली. तीही सीओ साहेबांनीच दिली. कारण लिहून आल्यावर ती द्यावीच लागते. ते हर्षलनं मला अगदी सहज सांगितलं, पाऊस पडला असं सांगावं तसं.

भिमाजी नोव्हेंबरअखेर सुटले. बडा खाना झाला, हार झाले. हर्षलनं त्यांना तिथे काही सांगितलं नाही. म्हणाला, "तिथे सांगितलं असतं तर दादांनी सगळ्यांसमोर 'जाऊ दे' म्हटलं असतं, आणि ते मला सोपं गेलं असतं." त्याला सुट्टी मिळाली आणि मिरवणुकीच्या दिवशी आम्ही दोघं अकोल्याला निघालो. काष्टी ते नगर, नगर ते संगमनेर, मग अकोले, पुढे जीप. जीपमध्ये मला घाटाची भीती वाटत होती आणि त्याला पुढची.

गावाच्या कमानीलाच मोठा फ्लेक्स होता. भिमाजी वर्दीत, मागे तिरंगा, बाजूला कुठल्यातरी इंटरनेटवरच्या जेसीबीचा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत, "लष्करप्रमुखांच्या प्रशंसापत्राने सन्मानित". भिमाजींचा पुतण्या कानिफनाथ राजूरला मोबाईलचं दुकान चालवतो. हे त्याचं काम. त्यानं ऐकलं होतं की काकांसाठी मेजर साहेबांनी लिहून दिलंय. मेजरनं लिहिलं म्हणजे झालंच की, म्हणून त्यानं छापून टाकलं, आणि त्यातल्या त्यात सगळ्यात मोठ्या साहेबांचं नाव घातलं.

हर्षल त्या फ्लेक्सखाली उभा राहिला. वाचला. मग मला म्हणाला, "आई, तू घरात बस. मी बोलतो."

मी घरात बसले नाही. अंगणात बाजूला उभी राहिले. जीपला झेंडूच्या माळा बांधायचं काम चाललं होतं. भिमाजी नव्या कोटात, कपाळावर ती खूण अजून स्पष्ट. हर्षलनं त्यांना बाजूला घेतलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. कागद कधी आला, कुणाकुणाचे आधी केले, का केले, मुदत कशी गेली. आता नाव गेलंय, पण उशिरा. मिळेल की नाही माहीत नाही.

भिमाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाकीच्या चौगांचं गेलं?"

"गेलं."

"येळंवर?"

"हो."

"आन् मपलं ऱ्हायलं. का, तर मी तुपला मानूस."

"हो, दादा."

"आरं, मग परका झालो असतो तर बरं झालं असतं की!" आणि ते मोठ्यानं हसले. हसणं फार काळ टिकलं नाही. मग कमानीकडे बघत म्हणाले, "त्याच्यावर काय लिवलंय ते बघितलं का?"

"बघितलं."

"आता गावाला वाटंल, म्याच सांगितलं छापायला."

एव्हाना चांगुणा पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "आमी घरचे व्हतो व्हय? म्हनून उपाशी ठेवलं?" ती हर्षलला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत. "दर साली तांदूळ खाल्ला ना रं आमचा?"

"खाल्ला, वहिनी."

"मग तवा न्हाई आठवलं, गाववाले हायेत म्हनून?"

मला पुढे होऊन सांगावंसं वाटलं, अहो, त्यानं स्वतःचं प्रमोशन घालवायची पाळी आणलीय तुमच्यासाठी. तोंडापर्यंत आलंही. पण हर्षलनं माझ्याकडे बघितलं, आणि मी तांब्यातलं पाणी प्यायले.

भिमाजींनी कानिफनाथला हाक मारली. पांढऱ्या कागदाची पट्टी आणि खळ मागवली. कानिफनाथ रडकुंडीला आला. "काका, समद्यांनी वाचलंय आता. स्टेटसलाबी ठेवलंय."

"वाचू दे. म्या त्याच्याखालून न्हाई जायचो."

शिडी लागली. भिमाजी स्वतः चढले, नव्या कोटात, आणि त्या ओळीवर पट्टी चिकटवली. खाली उभी असलेली माणसं विचारायला लागली. भिमाजींनी वरूनच सांगितलं, "नाव गेलंय. आलेलं न्हाई. आलं का सांगीन." मग डीजे वाजला, जीप निघाली, आणि पट्टी चिकटवलेल्या फ्लेक्सखालून मिरवणूक गावात गेली. पोरं नाचली, बायांनी ओवाळलं. कुणी काही म्हणालं असेल तर ते डीजेत बुडालं.

जेवणाच्या वेळी हर्षल पहिल्या पंगतीत बसायला गेला तर चांगुणानं त्याला हाताला धरून उठवलं. "तू कुठं? तू घरचा. शेवटाला."

सगळे हसले. हर्षलही हसला आणि वाढायला लागला. पंगतीवर पंगती उठल्या. शेवटी तो, मी, चांगुणा आणि कानिफनाथ बसलो तेव्हा बुंदी संपलेली होती. भात आणि आमटी. चांगुणानं त्याच्या पानात भात वाढला, आणि वर परत वाढला. तो नको म्हणाला नाही.

डिसेंबरातल्या बोर्डात हर्षलचं नाव आलं नाही. त्याच्या मागून आलेल्या एकाचं आलं. हेडक्लार्क साहेब त्याच्यावर दोन दिवस रागावले होते, मग त्यांनीच चहा पाजला. मी राजनंदिनीसमोर काही बोलले नाही, पण देवाशी भांडले. भागवतरावांनी बाजारात कुणाला तरी सांगितलं म्हणे, "पोराचं प्रमोशन लांबलं, पण का लांबलं ते विचारा." कुणी विचारलं नाही.

जानेवारीच्या यादीत मात्र भिमाजींचं नाव होतं. लष्करप्रमुखांचं कार्ड नाही, त्याखालचं, आर्मी कमांडरांचं. ब्रिगेडनं विलंब मान्य केला होता. नेमकं कारण दिलं असल्यामुळे, असा शेराही त्यात होता म्हणे. एरवी निवृत्त माणसाचं कार्ड पोस्टानं जातं. हर्षलनं सीओ साहेबांची परवानगी काढली आणि मार्चच्या सुट्टीत स्वतः घेऊन आला. घरी आल्यावर ते मला दाखवलं. मी हात धुऊन ते हातात घेतलं. साधंच आहे, जाड कागद, खाली सही. बिल्ला माझ्या अंगठ्याएवढा.

पुन्हा आम्ही अकोल्याला गेलो. तोच रस्ता, तीच जीप. या वेळी कमानीवर फ्लेक्स नव्हता. तो भिमाजींच्या गोठ्यामागे पेंढ्याच्या गंजीवर अंथरलेला होता, वर दगड ठेवून. पट्टी तशीच होती, उन्हानं पिवळी पडलेली. कानिफनाथ म्हणाला, "काका, आता पट्टी काढू का?"

"कशाला? खाली दुसऱ्याच साहेबाचं नाव हाय," भिमाजी म्हणाले. "ते मपलं न्हाई."

"मग नवा छापतो."

"आधी ह्यो फाटू दे."

त्यांनी चष्मा लावून कार्ड वाचलं. इंग्रजी होतं, म्हणून हर्षलनं मराठीत सांगितलं. डोंगर, दगड, फुटलेली काच, रुग्णाची गाडी. ओसरीवर पाच-सहा शेजारी जमले होते. त्यांतला एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी दगड पडताना यंत्र घातलं व्हय आत? आमाला कदी बोलला न्हाईस, भिमा."

भिमाजी म्हणाले, "बोललो हुतो. तुमी ठेकेदाराच्या पोराचं सांगत हुता."

दुपारी चांगुणानं त्या शेजाऱ्यांनाही जेवायला थांबवलं. पानं मांडली आणि पहिल्या पानावर हर्षलला बसायला सांगितलं. तो म्हणाला, "आधी हे सगळे बसू देत, वहिनी."

"बस गप. उठायचं न्हाई."

तो बसला. पण घास घेताना त्याची नजर एकसारखी पातेल्यांकडे जात होती, मागच्यांना पुरेल का ते बघत. मी त्याला कोपर मारलं तेव्हा कुठे तो जेवला.

आता तो परत गेलाय. शिफारशींचं काम अजून त्याच्याचकडे आहे. रीत मात्र बदललीय. ज्याची जायची तारीख आधी, त्याचा कागद वर, मग तो कुठलाही असो. पुढच्या जाणाऱ्यांत यंदाच बदलीवर आलेला एक श्रीगोंद्याचा आहे, म्हणजे आमच्या अगदी शेजारचा. त्याची तारीख सगळ्यात आधी आहे. मी परवा फोनवर विचारलं, "लोक काही म्हणतात का?"

"म्हणतात," हर्षल म्हणाला. "आई, तू जेवलीस का?"

त्यानं ते एकदाच विचारलं. मी फोन ठेवला. त्याचं पुढचं बोर्ड डिसेंबरात आहे.